राखीव आहे, पण जागे आहे का?

खोपटच्या एस. टी. आगारात गाडीची वाट पाहण्याचा प्रसंग ठाणेकरांपैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला आहे. वाटेत गाडी नादुरुस्त झाल्याची वार्ता आली, की प्रवाशांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : दुसरी गाडी कधी येणार? आगारात दुसरी गाडी उभी आहे एवढ्याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तिच्या टाकीत डिझेल असले पाहिजे, चाकांत हवा असली पाहिजे, चालक कामावर हजर असला पाहिजे. आणि या सर्वांच्याही आधी, पहिली गाडी बंद पडली आहे हे नियंत्रकास वेळेवर कळले पाहिजे. यांतील एक जरी गोष्ट उणी असली, तरी ती उभी गाडी प्रवाशांच्या दृष्टीने असून नसल्यासारखीच होय.

हा दृष्टान्त आज देण्याचे कारण, आमच्या नागरी जीवनाचा फार मोठा भार आता डोळ्यांना न दिसणाऱ्या अशाच गाड्यांवर पडलेला आहे. निवृत्तिवेतन, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, रुग्णालयातील केसपेपर, सहकारी बँकेतील ठेव, या सर्वांचे लेखे आता कापडी बांधणीच्या वह्यांत नसून संगणकांत आहेत. मध्यंतरी एका कचेरीच्या खिडकीपुढे आम्ही दीड तास उभे होतो. आमच्या पुढे एक वृद्ध गृहस्थ होते. औषधांसाठी त्यांस पैसे काढावयाचे होते. "सर्व्हर डाऊन आहे", हे आता सर्वपरिचित झालेले उत्तर त्यांस मिळाले. आम्ही आत जाऊन चौकशी केली, तेव्हा तेथील सज्जन अधिकाऱ्याने निष्कपटपणे सांगितले : "दुसरा सर्व्हर आहे आमच्याकडे. पण तो कसा चालू करायचा हे ज्यांना माहीत आहे ते रजेवर आहेत." ती कचेरी कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही. अशा कचेऱ्या अनेक आहेत, आणि म्हणूनच हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेतला आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. ज्यास डेटाबेस म्हणतात ती वस्तुतः एक अवाढव्य खातेवही होय. ही वही एकाच यंत्रावर ठेवणे धोक्याचे, म्हणून तिच्या एकदोन प्रती अन्य यंत्रांवर सतत उतरवून घेतल्या जातात. मुख्य वहीत नोंद झाली की ती प्रतींतही होते. मुख्य यंत्र बंद पडले, तर प्रतींपैकी एकीस मुख्य ठरवून व्यवहार पुढे चालू ठेवावयाचा, अशी ही योजना आहे. तंत्रज्ञ या पालटास फेलओव्हर म्हणतात. आपण त्यास कार्यभाराचे हस्तांतरण म्हणू.

आम्ही पूर्वी शाळामास्तर होतो. वार्षिक परीक्षेचे गुणपत्रक दोन प्रतींत तयार करताना दोन रीती असत. एक मास्तर आकडा मोठ्याने वाची व दुसरा लिही. "लिहिले" असा शब्द ऐकल्यावाचून पहिला पुढील आकड्याकडे वळत नसे. दुसऱ्या रीतीत पहिला आपल्या गतीने लिहीत जाई आणि दुसरा मागून उतरवून घेई. पहिल्या रीतीत चूक नाही, पण गती मंद. आणि लिहिणाऱ्यास डुलकी लागली तर वाचणाराही थांबला. दुसऱ्या रीतीत गती आहे, पण मूळ कागद अचानक जळाला तर शेवटच्या चार ओळी कायमच्या गेल्या. संगणकाच्या प्रतींनाही हाच नियम लागू आहे. मूळ आणि प्रत यांत किती अंतर पडू द्यावयाचे, म्हणजेच संकटात किती नोंदी गमावण्यास आपण तयार आहोत, आणि खिडकी किती वेळ बंद राहिलेली चालेल, हे दोन प्रश्न वरवर तांत्रिक दिसतात; परंतु त्यांचे उत्तर देण्याचे दायित्व संस्थेच्या संचालकांचे आहे, यंत्र सांभाळणाऱ्या तरुणाचे नव्हे.

राखीव व्यवस्था कागदावर असूनही प्रसंगी कशी निरुपयोगी ठरते, याचा अनुभव ठाणे शहराने पुरेपूर घेतलेला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठास त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याचे मूळ आमच्या खाडीपलीकडेच होते. कळवा आणि पडघे यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या दोन मार्गिकांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिचा भार दुसरीवर दिलेला होता. ती दुसरीही तुटली, आणि उरलेल्या वाहिन्यांना एवढा भार पेलवला नाही. अशा वेळी मुंबईची वीजव्यवस्था राज्याच्या जाळ्यापासून आपोआप विलग व्हावी आणि स्थानिक विद्युत्केंद्रांच्या बळावर बेटासारखी तगून राहावी, अशी योजना अनेक वर्षांपासून अस्तित्वात होती. त्या सकाळी ते बेट तगले नाही.

वीज आणि खातेवही या भिन्न गोष्टी आहेत. परंतु या प्रसंगातून निघणारा बोध दोहोंस सारखाच लागू पडतो. दोन वाटांपैकी एक बंद असते त्या क्षणी आपण एकाच वाटेवर उभे असतो, आणि तरीही मनाने दोन वाटांच्या निश्चिंतपणात वावरत असतो. राखीव व्यवस्थेतील सर्वांत मोठा धोका हाच होय. मुख्य यंत्र बंद पडले तर ते लगेच लक्षात येते, कारण खिडकीपुढे रांग लागते. राखीव यंत्र तीन महिन्यांपूर्वी बंद पडले असेल, तर रांग लागत नाही, कोणी ओरडत नाही, आणि हजेरीपटावर त्याचे नाव मात्र रोज चढत राहते.

म्हणून देखरेख हे या विषयाचे पहिले अंग होय. देखरेख म्हणजे केवळ यंत्राचा दिवा लागलेला आहे हे पाहणे नव्हे. वर्गात मुलगा बसलेला आहे म्हणजे त्याचे लक्ष धड्याकडे आहेच, असे कोणता शिक्षक मानील? प्रत मूळ वहीच्या किती मागे पडली आहे, तिच्यात शेवटची नोंद कधी उतरली, साठवणीची जागा किती उरली आहे, आणि खरोखर एखादी नोंद लिहून परत वाचता येते की नाही, हे दर काही सेकंदांनी तपासले पाहिजे. तपासणारे यंत्रही त्याच खोलीत, त्याच विजेवर आणि त्याच तारेवर असता कामा नये. घराबरोबर पहारेकरीही अंधारात गेला, तर हाक कोण मारणार? आणखी एक गोष्ट अनुभवी लोक सांगतात. क्षुल्लक कारणांसाठी दिवसातून शंभर वेळा घंटा वाजू लागली, की ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात आणि एकशे एकावी, खरी घंटा तशीच वाहून जाते. घंटा थोड्या असाव्यात, आणि प्रत्येक घंटेस कोणी उठावयाचे त्याचे नाव लिहिलेले असावे.

दुसरे अंग अधिक नाजूक आहे. मुख्य यंत्र मृत झाले हे ठरवावयाचे कोणी? राखीव यंत्रास मुख्याचा ठोका ऐकू येईनासा झाला, याचा अर्थ मुख्य मेलाच असा होत नाही. मधली तार तुटलेली असू शकते. एकदा आमच्या शाळेत मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी अडकले. ते येत नाहीत असे समजून एका ज्येष्ठ शिक्षकाने कारभार हाती घेतला आणि पूर्वेकडील इमारतीत सुट्टीची घंटा दिली. मुख्याध्यापक मागील दाराने पश्चिमेकडील इमारतीत पोहोचले होते आणि तेथे त्यांनी तास चालू ठेवले होते. अर्धी शाळा घरी, अर्धी वर्गात! शाळेत हे हसण्यावारी गेले. बँकेच्या दोन यंत्रांनी अशा रीतीने एकाच वेळी स्वतःस मुख्य मानले, तर एकाच खात्यावर दोन ठिकाणी वेगवेगळ्या नोंदी चढतात, आणि नंतर त्या दोन वह्या जुळविणे हे अनेकदा मनुष्यबुद्धीपलीकडचे काम होऊन बसते.

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या गावास हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी आली, त्या ठाण्याच्या लोकांस तो सहज समजेल. एकेरी लोहमार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून चालकाच्या हाती टोकन देण्याची पद्धत पडली. ज्याच्या हाती टोकन, तोच पुढे जाणार. इतरांनी स्थानकात थांबावयाचे. संगणकांच्या समूहातही मुख्यपणाचे एकच टोकन असते, आणि ते बहुमताने दिले जाते. म्हणून यंत्रे दोन असून भागत नाही, मत देणारे किमान तीन असावे लागतात. दोघांत मतभेद झाला तर बहुमत कोणाचे, हा प्रश्नच सुटत नाही. ज्याचा बहुमताशी संबंध तुटला त्याने आपण होऊन लेखणी खाली ठेवावयाची, आणि नव्यास अधिकार देण्यापूर्वी जुन्याच्या हातून लेखणी निश्चितपणे काढून घ्यावयाची, असा दंडक आहे. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हा विचार ग्रीसमधील एका बेटावरच्या काल्पनिक विधिमंडळाच्या रूपकातून मांडला होता. सभासद येत-जात राहतात, निरोप हरवतात, तरी कायद्याच्या वहीत परस्परविरोधी ठराव लिहिले जात नाहीत, हे कसे साधावे, असा त्याचा विषय होता.

तथापि नियम यंत्रात घातले म्हणजे विचार संपला, असे मात्र नव्हे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या अमेरिकन कंपनीच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क दुरुस्तीच्या वेळी अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने बहुमताच्या नियमानुसार कार्यभार पश्चिम किनाऱ्यावरील यंत्रांकडे सोपविला. परंतु पूर्वेकडे झालेल्या काही क्षणांच्या नोंदी पश्चिमेस पोहोचलेल्याच नव्हत्या, आणि तोवर पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. दोन्ही वह्या प्रामाणिक, पण दोन्ही अपुऱ्या! कंपनीने घाई न करता नोंदी शाबूत राखण्यास प्राधान्य दिले. त्यासाठी सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. यंत्राने सांगितले तेच केले होते. पण एवढ्या दूरवर कार्यभार नेणे इष्ट आहे काय, आणि त्याआधी किती सेकंद धीर धरावयाचा, याचा पुरेसा विचार माणसांनी केलेला नव्हता.

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईतील आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबविण्यात आले आणि दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. दूरसंचार कंपन्यांच्या तारांत बिघाड झाला, आणि त्यातून साठवणयंत्रणा बंद पडून जोखमीवर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था कोलमडली. तारा तुटल्या तरी साठवण चालू राहावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात ती तशी वागली नाही. दूरच्या शहरात पर्यायी केंद्र सिद्ध असताना व्यवहार तिकडे नेण्यात आले नाहीत, आणि चार तास देशभरचे गुंतवणूकदार ताटकळत राहिले. पुढील महिन्यातच सेबीने नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत ती आपत्ती असल्याचे घोषित करावे, आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत व्यवहार पर्यायी केंद्रातून सुरू करावा. या नियमाचे खरे मोल आकड्यांत नाही. संकटाच्या क्षणी "थोडे थांबू, कदाचित सुरू होईल" असे म्हणण्याचा जो मोह माणसास होतो, तो मोडून काढण्याची सोय त्यात आहे.

एकीकडे ४३ सेकंदांतील घाई आणि दुसरीकडे चार तासांतील संकोच. या दोन टोकांमधील योग्य जागा कोणती, हे संस्थेपरत्वे बदलेल. रुग्णालयाचे उत्तर वेगळे, घरपट्टी कार्यालयाचे वेगळे. आमचा आग्रह एवढाच की ते उत्तर शांत वेळी, विचारपूर्वक आणि लेखी ठरलेले असावे. आग लागल्यावर विहिरीची जागा शोधावयाची नसते.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. प्रती आहेत म्हणजे जुने दप्तर जपून ठेवण्याचे कारण उरले नाही, असे अनेकांस वाटते. वस्तुतः प्रत ही आज्ञाधारक असते. मूळ वहीत चूक झाली, तर ती चूकही ती निष्ठेने उतरवून घेते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मागे पडलेली प्रत सुधारण्याच्या खटपटीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकीच्या, म्हणजे मुख्य यंत्रावरील नोंदी पुसल्या गेल्या. मग जतन केलेल्या संचांकडे धाव घेतली, तो असे आढळले की, संरक्षणाच्या ज्या निरनिराळ्या योजना होत्या त्यांतील एकही नीट चालू नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक नक्कल सापडली म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही सर्व हकीकत लपवून न ठेवता जगापुढे मांडली, हे तिला भूषणावह आहे. आमच्याकडील किती संस्था असे करतील?

ही उदाहरणे मोठ्यांची आहेत. आमच्या लहान संस्थांस त्यांचे काय, असा प्रश्न विचारला जाईल. ३१ जुलै २०२४ च्या घटनेने त्याचे उत्तर दिले आहे. सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाला, आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने तिचा संपर्क तात्पुरता तोडला. त्यामुळे देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली असेलच असे नाही. परंतु आपली वही दुसऱ्याच्या घरी ठेवली म्हणजे ती सांभाळण्याचे दायित्वही त्याच्या घरी जाते, असे मानणे भ्रामक आहे. ठेवीदार ओळखतो तो आपल्या शाखेस. सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे नावही त्याने ऐकलेले नसते. मोठ्या बँकाही यातून सुटलेल्या नाहीत. मुख्य केंद्रातील वीज जाऊन २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेचे व्यवहार विस्कळीत झाले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तिच्या नव्या डिजिटल योजनांवर आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यावर काही काळ निर्बंध घातले होते.

मग करावयाचे काय? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथील महापालिका, सहकारी बँका, रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्या विश्वस्तांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. पहिली, किती वेळ बंद चालेल आणि किती नोंदी गेल्या तर चालतील, हे संचालक मंडळाने ठराव करून लिहून ठेवावे. दुसरी, हस्तांतरणाचा निर्णय कोणी घ्यावयाचा, तो नसल्यास कोणी, आणि त्यानंतर कोणी, अशी तीन नावे भिंतीवर लावावीत. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आणि तो माणूस रजेवर, ही स्थिती संपवावी. तिसरी, वर्षातून किमान दोनदा मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून राखीव यंत्रावर पूर्ण दिवसाचा कारभार चालवून पाहावा, आणि त्याच वेळी जतन केलेल्या संचातून वही पुन्हा उभी करून दाखवावी. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशात वाणिज्य बँकांस महत्त्वाच्या प्रणालींसाठी सहामाही सराव सांगितलाच आहे. लहानांनी तो आपण होऊन स्वीकारण्यास कोणाची आडकाठी नाही. चौथी, या सरावात जे फसले ते वार्षिक अहवालात सभासदांस सांगावे.

खर्चाची सबब पुढे येईल. ती सर्वस्वी खोटी नाही. तिसरे यंत्र, वेगळी तार आणि वेगळी वीज यांस पैसा लागतो. पण प्रतींची व बहुमताची ही व्यवस्था लावणाऱ्या उत्तम आज्ञावली, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांसारख्या खातेवह्यांसाठी, विनामूल्य उपलब्ध आहेत. आणि वर सांगितलेल्या चारांपैकी पहिली, दुसरी व चौथी गोष्ट तर कागद-शाईच्या खर्चात होते. अडचण पैशाची कमी आणि भीतीची अधिक आहे. चालू असलेले यंत्र मुद्दाम बंद करण्याचा धीर अधिकाऱ्यास होत नाही; सरावात काही बिघडले तर ठपका आपल्यावर येईल, असे त्यास वाटते. हा ठपका न येऊ देण्याचे वचन संचालकांनी त्यास दिले पाहिजे. रविवारी सकाळी सूचना देऊन केलेल्या सरावात बिघाड आढळला, तर तो शोधणाऱ्याचे अभिनंदन व्हावयास हवे. तोच बिघाड महिन्याच्या एक तारखेस, निवृत्तिवेतनाच्या दिवशी, आपण होऊन प्रकट झाला असता.

नागरिकांसही एक कर्तव्य आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या टक्क्यावर तासभर खल होतो. त्यात एक प्रश्न आणखी विचारावा : आपले राखीव यंत्र शेवटचे केव्हा चालवून पाहिले? उत्तरादाखल तारीख मिळाली, तर निश्चिंत मनाने चहा घ्यावा. "यंत्र आहे, सर्व व्यवस्था आहे" असे उत्तर मिळाले, तर तारीख मिळेपर्यंत खाली बसू नये. खिडकीपुढे औषधाच्या पैशासाठी उभ्या असलेल्या त्या वृद्ध गृहस्थांस राखीव यंत्र आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते; ते त्या दिवशी जागे होते की नाही, एवढ्यावरच त्यांचे सारे अवलंबून होते.